मिस्कॉल होता, उचलला काऊन?

हॅलो?... हॅलो!... अजी, तुमी उचलला काऊन? मिस्कॉल होता ना माझा!

...हो, फोन उचलता येते तुमाले, माहीत आहे. पण आपला नेम काय? सात वाजता तुमी एक घंटी देता, मी उलटून एक देते. तुमी बरे, मी बरी. झालं. बोलणं पयल्या तारखेले. आज कोणती तारीख आहे?

...मंग? सतरा तारखेले कायले उचलला?

तब्येत बरी नाही का?... ताप?... कुठं पडले-बिडले तं नाही ना त्या बिल्डिंगमध्ये?... खरं सांगा. माझी शपथ घ्या... बरं, नका घेऊ. आवाज तं बरा आहे.

...बोलणं फुकट झालं म्हणता? हो. तुमच्याकडचा ओमेश पोळ्याले हैदराबादहून गावात आला होता ना, त्यानंही तोच शहाणपणा सांगतला. 'काकू, आता पॅक मारला का रातदिवस बोला, वेगळा पैसा लागत नाही.' मी म्हटलं, बाबू, पैसा लागत नाही, पण बोललं का मन पातळ होते. मंग दुसऱ्या दिवशी हात चालत नाही कामाले... हो, असंच म्हटलं त्याले. खोटं आहे का?

मी कुठं असणार? आंगणात. तुमच्याच बाजेवर बसून आहो... हो, सुतळी ढिली झाली तिची. झोळीसारखी झाली. कसणार कोण? मले नाही कसता येत ती... नाही, दुसऱ्याले नाही सांगत. राहू द्या ढिली.

तुमी कुठून बोलून राहिले?... गेटवरून. किती माळे झाले आता?... सतरा! मायवो. अन् तुमी खालीच, चौकीदारीले.

जेवले का?... नुसतं हो नका म्हणू, काय जेवले ते सांगा... भात. अन्?... अन् काय?... भात अन् भात! ओमेश सांगत होता, हैदराबादले काका दुपारी मुरमुरे फाकतात अन् वरून लोटाभर पाणी पितात. डब्याचे पैसे वाचवतात... तो कायले खोटं बोलीन? त्याले का तुमाले डबा विकायचा आहे?

मी बराबर जेवते जी... आज? आज अंबाडीची भाजी... काल?... कालही अंबाडीच. कुंपणाले एवढी पसरली आहे ती, तिले काय रोज पाहून सोडून देऊ? ...चहा? घेते ना... दूध? दूध नाही घालत... साखर? गूळ घालत होती, आता गूळही नाही घालत. नुसती पत्ती. बरी लागते... तुमी कायले हासता? स्वतः मुरमुरे फाकता अन् मले साखर विचारता!

सिलेंडर? आहे ना. कोपऱ्यात उभा आहे नवरदेवासारखा. पाहुणे आले तं पेटवीन म्हणते... पाहुणे? पाहुणे कोण येते.

...बरं, आता सांगा. कायले उचलला?... नाही, आहे काहीतरी. तुमी दोनदा घसा खाकरला. तुमचा घसा मी चाळीस वर्षं ऐकून आहो.

अं?... सेठ?... काय म्हणाला सेठ?

...हं.

...पक्का कागद. एक वर्षाचा... हं... दोन हजार जास्त... महिन्याले? ... हं... खोली. पंखा... बरं.

सही कधी करायची आहे?... उद्या?... उद्या सकाळीच? ...नऊ वाजता.

हं.

नाही जी, ऐकून राहिली ना. बोला.

अन् छुट्टी?... पुढच्या दिवाळीपर्यंत नाही... एकही दिवस नाही? ...गावच्या मंडईच्या जत्रेलेही नाही. या वर्षीही नाही.

...

नाही, रडून नाही राहिली. चुलीचा धूर आहे... हो, आंगणातही येते धूर. हवा इकडची आहे... चांगलं आहे. चांगलंच आहे ना. बासष्ट वर्षांच्या माणसाले दोन हजार वाढवून कोण देते? सेठ भला माणूस आहे. करा, काय... हाड! हाड मेली! थांबा जी, फोन... हाड! सोड! सुलोचनाबाई! ओ सुलोचनाबाई! बांधून ठेवत जा ना हो तुमची बकरी! माझा दाखला खाऊन राहिली होती!

...हॅलो? हो, आहो, आहो. बकरी जी. सुलोचनाबाईची काळी. भिंत उतरून येते. एक कोपरा ओला केला मेलीनं, बाकी वाचला.

कोणता दाखला?... दाखला म्हटलं का मी?... नाही, तसाच एक कागद... अजी कायचा नाही...

बरं. सांगते. पयले तुमी बसा... बसूनच आहात? मंग ठीक आहे.

मी आज देवरीले गेली होती. सकाळच्या एसटीनं... पतसंस्थेत... नाही, हप्त्याची तारीख नव्हती. पण हप्ताच. शेवटचा.

शेवटचा, जी.

...हो. संपलं. मोहफुलांचं सारं कर्ज संपलं.

हॅलो?... हॅलो, आहात का?... आवाज गेला का काय... आहात?

...हो, तीन हप्ते बाकी होते, तुमचा हिशोब बरोबर आहे. मी तिन्ही एकदम भरले. तेंदूपत्त्याचा बोनस आला ना. अन् या साली मी मोह वेचला होता, तो चैतातच नाही विकला. ठेवला. दिवाळीपर्यंत दम धरला, भाव चढला, मंग विकला... सडला नाही! कसा सडीन? चांगला वाळवला ना. एवढा वाळवला, एवढा वाळवला का मूठ कानापाशी नेली तं खुळखुळ वाजला पायजे. रोज वाजवून पायत होती. सुलोचनाबाई म्हणे, ही बाई मोहाशी बोलून राहिली.

...तुमाले आधी सांगतलं नाही, कारण आज सतरा तारीख आहे. पयल्या तारखेले सांगणार होती. नेम म्हणजे नेम. चौदा दिवस पोटात ठेवणार होती मी, बकरीनं नाही ठेवू दिलं... नाही, दुर्गेश्वरीले नाही सांगतलं. तिच्या सासरी मुर्रीले फोन लावला होता दुपारी, तोंडापर्यंत आलं, मंग 'नात कशी आहे' विचारून ठेवून दिला. पोरीच्या आधी तुमाले.

वाचून दाखवू?... मीच वाचीन, दुसरं कोण वाचणार! चेतना मॅडमच्या वर्गात दोन हिवाळे काय गोट्या खेळल्या का आमी? ...थांबा, चष्मा... उजेडाखाली जाते. हां.

'दाखला देण्यात येतो की...' अजी हासू नका, जोडाक्षर आलं का जीभ अडकते माझी... '...की मौजा चिचगड, तालुका देवरी येथील... श्री...'

...

'...यांच्याकडे संस्थेचे कोणतेही येणे बाकी नाही.' आहे का नाही? शिक्काही आहे. निळा.

...काय सुटलं? काही नाही सुटलं... श्रीच्या पुढं? श्रीच्या पुढं तुमचं नाव आहे, दुसरं काय असणार!

तिथंही हेच झालं ना. साहेब म्हणाले, बाई, पयले वाचून घ्या, मंग सही करा. मी मोठ्यानं वाचलं. श्रीपाशी आली अन् थांबली. त्याले वाटलं, बाईले येत नाही. बिचारा बोट ठेवून सांगून राहिला, आजी, हा 'के' आहे. मी म्हटलं, साहेब, डोळ्याले येते, तोंडाले येत नाही. चाळीस वर्षं झाली, कधी आलं नाही... सारे हासले. तो चहावालाही हासला.

मंग एसटीत खिडकीपाशी बसली अन् देवरीपासून चिचगडपर्यंत वाचत आली. मनातल्या मनात. तेवढंच एक नाव. शेजारच्या बाईले वाटलं असन, कागद पाठ करून राहिली.

...आता? आता कायले?... नाही जी... कोणी ऐकलं तं? सुलोचनाबाई भिंतीपाशीच आहे, बकरी धरून... अजी लाज वाटते ना... तुमी म्हणजे ना, या वयात...

बरं. नाव नाही घेणार. अक्षरं वाचते. अक्षरं वाचली तं नाव घेतल्यासारखं नसते... ऐका.

के.

व.

ळ.

रा.

म.

झालं.

...हॅलो?... अजी, नाक कायले ओढून राहिले? तुमच्याकडे तं चूलही नाही धूर व्हायले.

...हो. अन् खाली माझी सही. सही म्हटलं! अंगठा नाही. ज्या टेबलावर अंगठा दिला होता, त्याच टेबलावर. धुरपता. 'धु'ची शेपूट जरा लांब गेली, बाजूच्या रकान्यात. जाऊ द्या.

...हं... हं... तेच म्हणता ना तुमी... का आता कर्ज नाही, म्हणून पुढच्या वर्षाचा सारा पगार शिलकीत... स्लॅब... हो, कवेलू फुटले आहेत चार-पाच... गळते, पण मी भांडी ठेवते ना तिथं, गंज. दोन गंज. आवाजावरून समजते मले, कोणता भरला... गमतीनं नाही म्हणत, खरंच समजते.

हातात काही नाही म्हणता?... आहे... आहे जी. डाकघरात. तुमच्या-माझ्या दोघांच्या नावानं.

कुठून म्हणजे? ऐका ना. बचत गटातल्या आमी साऱ्या बाया भात टाकायच्या आधी एक मूठ तांदूळ वेगळा काढतो, माहीत आहे तुमाले. तो विकला, तो पैसा कर्जात गेला. पण मी दोन मुठी काढत होती... दुसरी तुमची... असं काय म्हणता? तुमी घरी असते तं तुमचा भात शिजलाच असता ना? तेवढा तांदूळ लागलाच असता. तुमी नाही म्हणून तो उरला, तं तो तुमचा झाला. दुसरं मडकं ठेवलं त्याले. दोन्ही वेळा. तुमी गेले त्या सांजेपासून. तुमी आले ते दिवस सोडून एक खाडा नाही.

किती झाले?... नाही, तुमी हासाल... खरंच नाही हासणार?... तीन हजार दोनशे चाळीस.

हासले! बघा, हासलेच!... चार वर्षांत माणूस एवढंच खाते का म्हणता? मूठ माझी आहे ना जी, एवढीशी. तुमची मूठ असती तं दहा हजार झाले असते... हासा, हासा. बऱ्याच दिवसांनी हासले. मी फोन कानाले जरा जास्तच लावला, दुखून राहिला कान.

तेंदूपत्त्याचे उरलेले मिळवून साडेअकरा हजार आहेत. एवढेच. जास्त सांगून कायले खोटं बोलू.

...हो, स्लॅबले नाही पुरणार. नाहीच पुरणार. पण मी म्हणते, स्लॅबखाली झोपणार कोण? मी अन् सुलोचनाबाईची बकरी?

...

अजी, एक विचारू?... रागावणार नाही ना?... तुमाले स्लॅबचं काही पडलं नाही. तुमी त्या मोहफुलांची लाज धरून बसले आहात.

...हो, तेच आहे.

हासली ना गल्ली. हो, हासली. का नाही हासणार? खोलीभर मोह, त्यातला अर्धा ओला, तुमी पोत्यात भरून दार लावून घेतलं. वीस दिवसांनी दार उघडलं तं काय, काळा काढा! सारं गाव दारूच्या भट्टीसारखं महकलं. पोलीस आला वास घेत घेत, अन् तुमी त्याच्यापुढं हात जोडून म्हणून राहिले, 'साहेब, मी पीत नाही, मी व्यापारी आहो.' ...अजी, मलेही हासू आलं होतं त्या दिवशी. रडता रडता हासली होती. तुमाले सांगतलं नाही कधी.

लोक तुमाले 'भट्टीवाले' म्हणाले. म्हणाले, चार दिवस. मंग त्याईलेही कामं होती.

पण ओला मोह तुमी घेतला काऊन, सांगा... मी सांगते. निर्मलाबाईचा माणूस दवाखान्यात होता. तिले त्याच दिवशी पैसे पायजे होते, वाळवायले वेळ नव्हता. बाजारातल्या दुसऱ्या कोण्या व्यापाऱ्यानं तिच्या टोपलीले हात लावला नाही. तुमी लावला. तिचा घेतला, मंग तिच्या मागं उभ्या असलेल्या चौघींचा कसा नाही म्हणणार? ...मी तिथंच होती जी. पिशवी धरून उभी होती. मीही नाही म्हटलं नाही. मंग चूक तुमची एकट्याची कशी?

घेतला ते चुकलं नाही. दार लावलं ते चुकलं. आंगणात पसरवला असता तं वाळला असता.

निर्मलाबाई बाजारात भेटली का अजून विचारते, 'भाऊजी कधी येतात?' दरवेळी. मी दरवेळी म्हणते, येतील... तिचा माणूस? फिरते ना! सायकलीवर फिरते, मागं चाऱ्याचा भारा घेऊन. तो दिसला का मले त्या कर्जाचं काही वाटत नाही. खरंच नाही वाटत.

तुमी चार वर्षं त्या एका खोलीचं दार लावून बसले आहात जी. हैदराबादले जाऊन.

...

हॅलो?... आहात ना?... नाही, बोलू नका, ऐका. आज उचललाच आहे तं ऐका.

चार वर्षांत मी एकदा तरी 'या' म्हटलं का?... नाही ना. मागच्या साली तुमी मंडईचं तिकीट काढलं नाही, ते पैसे हप्त्यात पाठवले, तेव्हाही म्हटलं, बरं केलं. मंग मंडईच्या दिवशी काय केलं मी, माहीत आहे? भैय्यालालच्या धानाची कापणी होती, तिथं गेली मजुरीले. साऱ्या गावात पाहुणे, दंडारीची ढोलकी वाजून राहिली, अन् बांधीत मी एकटी. भैय्यालाल म्हणे, वहिनी, आज कोण काम करते? मी म्हटलं, रोजी कायले बुडवू... रोजीसाठी नव्हती गेली जी. घरी राहिली असती तं प्रत्येकानं विचारलं असतं, आले का?

सांजेले घरी आली. साऱ्यांच्या आंगणात चार-चार बाजा टाकलेल्या, पाहुणे बसलेले, हासून राहिलेले. आपल्या आंगणात एकच बाज. तिच्यावर बकरी बसून.

...हासू नका. हो, तेव्हा मीही हासली. तिले हाकललं नाही त्या दिवशी. बसू दिलं.

ऐका ना... तुमी सात वाजता घंटी देता ना, त्याच्या आधी मी हात-पाय धुऊन बसते. फोनचा आवाज बंद ठेवला आहे मी. नुसता हातात धरते. तुमची घंटी आली का तो थरथरते. एकदाच. मंग थांबते. मंग मी उठते अन् भात टाकते. दिवसभरातलं तुमचं तेवढंच हाताले लागते माझ्या.

साखर वाचवली आपण. गॅस वाचवला. तिकीट वाचवलं, बोलणंही वाचवलं. पण एवढे दिवस गेले जी. त्यातला एक तरी मडक्यात ठेवता आला का?

...

या.

...काय म्हटलं म्हणजे? या म्हटलं. घरी या.

उन्हाळ्यात थोडा मोह घेऊ. उधारीवर नाही. आहे तेवढ्या पैशाचा, दोन पोती तं दोन पोती. तराजू तुमी धरा, वही मी लिहीन. वाजवल्याशिवाय एक फूल पोत्यात जाणार नाही... अन् नाही जमलं तं नाही जमलं. अंबाडी आहे कुंपणाले.

...नाही, आता नका बोलू. तोंडानं तुमाले नाही जमत. तुमी म्हणाल 'पाहू', तुमी म्हणाल 'सेठले विचारतो', अन् सकाळी नऊ वाजता मान खाली घालून सही करून याल. मंग पयल्या तारखेले घसा खाकरून मले सांगाल... ओळखते ना मी.

आपला नेम आहे ना, त्यानंच सांगा. एक घंटी म्हणजे बरा आहो. दोन म्हणजे पैसे पाठवले. अन् तीन?... हं. विसरले नाही तं. तीन म्हणजे निघालो. दोन वर्षं झाली जी, तिसरी घंटी येऊन.

मी फोन ठेवते. तुमी विचार करा, पाणी प्या, मंग द्या... एकच दिली तं मी समजीन, सही करून राहिले. रागावणार नाही. उद्याही सातले बसीन, परवाही बसीन... पण तीन दिल्या तं उद्या सकाळी बाज कसायले सुतळी आणीन... नाही, मी उचलणार नाही. कितीही झालं तरी नाही उचलणार. आज लय बोललो आपण.

ठेवते... हो... शाल घेत जा अंगावर, गेटवर हवा लागते... हो, ठेवते. ठेवते जी.

...

काही नाही हो सुलोचनाबाई. बोलून राहिली होती... हो, त्याईशीच... नाही, भांडण नाही. हासत होते ते... जा तुमी आत, भाजी करपून राहिली तुमची, वास येते इकडे.

...

...

आली.

एक.

...

दोन.

...थांबू नका जी. थांबू नका...

तीन.

तीन! ...झालं, आता काटा ना... चार... अजी, तीनच्या पुढं नेम नाही आपला... पाच... थरथरून राहिला हातात, थांबतच नाही... सहा... नाही, उचलत नाही मी. वाजवा. सुलोचनाबाई आत गेली, कोणी नाही इथं...

वाजवा, केवळराम... वाजवा जी.